साडेपाच अंश

बाबा गेल्यावर त्यांचं जे काही माझ्याकडे आलं, त्यात एक आकडा होता. साडेपाच अंश.

शेवटच्या आजारपणात लोक प्रकृती विचारायला यायचे आणि बाबा त्यांना सुहासिनीकाकूंच्या हॉलचं तापमान सांगायचे. नाकाला ऑक्सिजनची नळी, चार शब्द बोलले की थांबावं लागायचं, पण हे एक वाक्य ते पूर्ण करायचे. "भर दुपारी, ऐन उन्हाळ्यात, समोरच्या घरापेक्षा साडेपाच अंश कमी." ऐकणारा "वा!" म्हणायचा. मग ते डोळे मिटून घ्यायचे.

काकू बाळकुमला आमच्याच इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहतात, मी तिसऱ्यावर. त्यांच्या हॉलवरच्या गच्चीत बाबांनी स्वतः भाजलेल्या लाद्या बसवल्या होत्या. बाबांची सगळी नोकरी विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर करणाऱ्या कारखान्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी डोंबिवलीला, मानपाड्याच्या एमआयडीसीत, एक गाळा घेतला, तिथे जुनी भट्टी बसवली आणि उन्हाला प्रतिसाद देणारी लादी करायच्या मागे लागले. दिसायला ती साधी, करड्या रंगाची. पण तिच्या झिलईत व्हॅनेडियमची एक काळी भुकटी असते. गारठा असला की ती झिलई घरातली ऊब धरून ठेवते. ऊन चढून लादी तापली की भुकटीच्या कणांची आतली रचना पालटते आणि तीच झिलई उष्णता आकाशाकडे टाकून द्यायला लागते. बटण नाही, वायर नाही, वीज नाही. किती तापल्यावर पालटायचं, हे भुकटीत टंगस्टन किती मिसळलं यावर ठरतं. ते प्रमाण जमवण्यात बाबांची निवृत्तीनंतरची बहुतेक वर्षं गेली. भट्टीवर त्यांच्या जोडीला आनंदा होता, आजही आहे.

शहाडच्या एका शाळेच्या गच्चीवर या लाद्या बसवायचं ठरलं होतं. अमृता तिथे मुख्याध्यापिका आहे. तिचे वडील, आबा, कारखान्यात बाबांबरोबर भट्टीवर होते, त्यामुळे आमची मैत्री फ्रॉकच्या वयापासूनची. बाबा गेल्यावर चाचणीचा अहवाल मी नीट टाइप केला, खाली माझी सही केली आणि तिला नेऊन दिला. तो वाचून तिच्या संस्थेने वर्गांत कूलर बसवायचा विचार सोडला. बाबांच्या जन्मदिवशी, मे महिन्यात, पहिली लादी मी बसवायची होती.

एप्रिलमध्ये अमृताचा फोन आला.

"अगं, आमच्या कमिटीतल्या एकाला यंदाचाही आकडा हवाय. रीडिंग घेऊन टाक ना एक. फॉर्मॅलिटी आहे."

"घेते की," मी म्हटलं.

मी वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत तापमापकं तपासते. इस्पितळांची, औषध कंपन्यांची, शीतगृहांची. बाबांनी वापरलेली दोन्ही तापमापकं मीच तपासून दिली होती. ती खरी होती. त्याबद्दल मला कधी शंका आली नाही, आजही नाही.

मोजायची पद्धत साधी होती. काकूंच्या घरासमोर, लिफ्टच्या पलीकडे, एक फ्लॅट बंद असतो. मालक परदेशात, किल्ली सोसायटीच्या ऑफिसात. त्याच्यावरची गच्ची नुसत्या सिमेंटची. दोन्ही हॉल सारख्याच मापाचे. दोन्हीकडे सकाळपासून खिडक्या बंद ठेवायच्या, पंखा बंद, एसी बंद, आणि दुपारी लागोपाठ दोन्हीकडचं तापमान घ्यायचं. आपोआप नोंद करणारं यंत्र मी लॅबमधून आणून देते म्हटलं होतं. बाबा म्हणाले होते, "यंत्र ठेवलं तर मी दुपारभर करू काय?" मग ते काठी घेऊन लिफ्टने वर जायचे. निघण्याआधी इंटरकॉमवर सांगायचे, "वहिनी, येतोय हं."

मी काकूंना आधी काही सांगितलं नाही. शनिवारी ऑफिसातून किल्ली घेतली, समोरच्या फ्लॅटचं तापमान घेतलं आणि तशीच काकूंची बेल वाजवली. त्यांच्याकडे कामाला असते त्या रंभाने दार उघडलं.

"काकू निजल्यात. उठवू?"

"नको गं. दोन मिनिटांचं काम आहे. हे फक्त टेबलावर ठेवायचंय."

"ठेवा की. टॉवेल देऊ का पुसायला? आज इथं काय खरं नाही. मगाशी भांडी घासताना नळाचं पाणी असं आलं, म्हटलं चहाच टाकावा त्याच्यात."

समोर अडतीस अंश आणि वर थोडं होतं. इथे सदतीसला जरा कमी. फरक दीड अंशाचा.

मी तापमापक भिंतीपासून लांब, खोलीच्या मध्ये नेऊन ठेवलं आणि थांबले. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. आकडा हलला नाही. रंभा ओट्याशी उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"ताप आहे का हो घराला?" तिने विचारलं.

मला वाटलं, लाद्या गेल्या. एका पावसाळ्यात झिलईत पाणी शिरलं असणार. ही भुकटी तशी नाजूक असते. भाजताना भट्टीत जराशी हवा शिरली तरी काळीची पिवळी पडते आणि मग काही कामाची राहत नाही. म्हणून ती नायट्रोजन सोडून भाजायची. आनंदा त्या पिवळेपणाला कावीळ म्हणतो. मी गच्चीवर गेले. कडेला बाबांनी एक लादी मुद्दाम न चिकटवता ठेवली होती, पुढे कधी तपासायला काढता यावी म्हणून. ती पिशवीत घातली आणि गाडी काढून कल्याण-शीळ रस्त्याने मानपाड्याला गेले.

गाळ्यात शाळेच्या लाद्यांचे ढीग भिंतीला लावून ठेवले होते, प्रत्येक थराखाली जुनी वर्तमानपत्रं. शेवटचा घाणा भट्टीत होता. आनंदाने माझ्या हातातली पिशवी बघितली.

"काय ताई, पेशंट आणलात वाटतं."

"वर्षभर उन्हापावसात होती. कावीळ झालीय का बघ."

त्याने लादी पुसली, बोटाच्या पेराने वाजवून ऐकली आणि ढिगातल्या एका नव्या लादीशेजारी तव्यावर ठेवली. तवा म्हणजे विजेची गरम होणारी सपाट पाटी. बाबांनी तिला तवा म्हटलं, तेच नाव राहिलं. उष्णता दाखवणारा कॅमेरा त्याने माझ्या हातात दिला. पडद्यावर दोन जांभळे चौकोन दिसत होते. तवा तापत गेला. मग एका ठराविक ठिकाणी दोन्ही चौकोन जवळजवळ एकदमच उजळले, जणू आत कुणी दिवा लावला.

"जुळ्या बहिणी," आनंदा म्हणाला. "काही झालेलं नाही हिला. साहेबांची पोरगी आहे ती." मग एकदम ओशाळला. "म्हणजे, तुम्ही आहातच."

"आहे," मी म्हटलं.

तो हसला. त्याने तवा बंद केला, लादीवर ओलं फडकं टाकलं आणि म्हणाला, "रागावणार नसाल तर एक बोलू? साहेबांशी पण भांडायचो मी. डोंबिवलीत थंडी म्हणजे काय हो? सकाळी पंखा पाचावरून तीनावर. हिची अर्धी हुशारी थंडीतली. ती इथं कोण विचारतंय? नुसत्या उन्हाळ्यापुरतं बघितलं तर गच्चीला चुना मारला तरी घर जरा गार होतंच की."

"बाबा काय म्हणायचे यावर?"

"आधी म्हणायचे, चुना दर वर्षी मारावा लागतो, आनंदा. नंतर म्हणायला लागले, साडेपाच अंश येतील का रे तुझ्या चुन्याने? मग आपण गप्प."

परत येताना मी तेच घोकत होते. लादी चांगली आहे. तापमापक चांगलं आहे. मग दुपारी मोजण्यात माझंच काहीतरी चुकलं असणार. आपलंच चुकलं असेल, या विचाराने इतका धीर येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

रविवारी मी जेवणाआधीच इंटरकॉमवर सांगितलं. "काकू, दुपारी येते. बाबांचं रीडिंग घ्यायला."

"ये गं ये! पन्हं करून ठेवते."

समोरचं घर कालच्यासारखंच तापलेलं होतं. काकूंनी दार उघडलं आणि आतून गारवा चेहऱ्यावर आला. पंखा बंद, एसी बंद, खिडक्या बंद. तापमापक ठेवलं, थांबले, बघितलं. फरक पाच अंशांच्या पुढे होता.

मला आनंद झाला. खरोखर झाला. वेताच्या खुर्चीत बसले, पन्ह्याचा ग्लास हातात घेतला. ही बाबांची खुर्ची. ते मोजायला आले की इथेच बसत. खुर्चीचं तोंड बाल्कनीकडे आहे. काकू आत वेलदोडा शोधत होत्या. घर शांत होतं.

टप.

थोड्या वेळाने पुन्हा टप.

बाल्कनीत कुंड्यांच्या शेजारी हिरवी बादली होती. एसीची पातळ पांढरी नळी त्या बादलीत सोडली होती आणि तिच्या टोकाला थेंब धरत होता. एसीची झापड मिटलेली. त्याच्यावरचं शिवलेलं कव्हर घडी घालून सोफ्याच्या हातावर ठेवलेलं.

आमच्यासारख्या घरांत हॉलमधला एसी घरच्या माणसांसाठी नसतो. काचेच्या चांगल्या कपांसारखा तो पाहुण्यांचा असतो. मुलगा हौसेने बसवून देतो, इथे काकूंच्या सलिलने पुण्याहून येऊन बसवला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला कव्हर चढतं. उकडलं तर घरचे लोक फरशीवर आडवे होतात. पाहुणा येतो म्हणाला की कव्हर निघतं, खोली गार करून ठेवली जाते. माझी आई होती तेव्हा आमच्याकडेही असंच होतं. यात काही लपवाछपवी नाही. उलट, आलेल्या माणसाला न सांगता केलेली ती बडदास्त असते, तो म्हणतो, "किती छान गार आहे हो तुमच्याकडे," आणि आपण म्हणायचं असतं, "हो, वारा येतो."

मोजताना एसी बंद हवा, असं बाबा बजावत. म्हणून त्यांची लिफ्ट वर पोचायच्या आत तो बंद होत असणार. नियम पाळला गेला होता.

"गोड झालंय का जास्त?" काकूंनी विचारलं.

"नाही, छान झालंय," मी म्हटलं आणि ग्लास संपवला.

मी त्यांना काही विचारलं नाही. पुढचे काही दिवस कोणालाच काही बोलले नाही. लॅबमध्ये एका शीतगृहाची तापमापकं आली होती, ती तपासत राहिले. त्यातलं एक जरा चुकीचं दाखवत होतं. त्यावर लाल चिठ्ठी लावताना माझे हात नेहमीसारखेच चालत होते, याचं मला नवल वाटलं.

अमृताने व्हॉट्सॅपवर एक चित्र पाठवलं. निळ्या आकाशाखाली शाळेची इमारत, कोपऱ्यात बाबांचा कारखान्यातला फोटो, पांढरा कोट घातलेला, आणि मोठ्या अक्षरांत 'साडेपाच अंशांचा गारवा'. खाली तिचा निरोप: "बॅनर छापून आला. कसा वाटतोय? फोटो आबांनी निवडलाय. बघून रडले."

मी लिहिलं, "छान." मग फोन पालथा ठेवला आणि काकूंकडे गेले.

त्या चवळीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. घर तापलं होतं, आणि मी न सांगता आल्याचं बघून त्यांनी आधी एसीच्या रिमोटकडे हात नेला.

"राहू दे, काकू. एक विचारायचंय. बाबा मोजायला यायचे तेव्हा आधी एसी लावायचात का?"

"लावायचे की," त्या लगेच म्हणाल्या. "आजारी माणूस, धापा टाकत वर यायचा. त्याला काय भट्टीत बसवू? पण भावजी आले की बंद, हं. त्यांनी सांगितलं होतं ते मी एकदाही मोडलं नाही."

"किती आधी लावायचात?"

"त्यांचा फोन आला की. जेवणं आटोपून ते जरा पडायचे, मग निघायचे. तेवढ्यात गार व्हायचं." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "का गं? काय झालं?"

मी सांगितलं. शक्य तितकं हळू सांगितलं, पण सांगायला फार काही नव्हतंच. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पण ते तर लाद्यांचं मोजत होते ना? वरच्या?"

"लाद्यांमुळे खोली किती गार राहते ते मोजत होते."

"म्हणजे मी गार केलेली खोली..."

"हो."

"अगं बाई," त्या म्हणाल्या. ताट बाजूला सरकवलं. पदराने तोंड पुसलं. मला वाटलं आता रडतील, पण त्या बाल्कनीकडे बघत होत्या.

"आसावरी, एकदा त्यांनी विचारलं होतं."

"काय?"

"तिथे बसले होते, खुर्चीत. म्हणाले, वहिनी, पाणी कुठे टपकतंय? मी आपलं पटकन सांगितलं, धुणं वाळत घातलंय. का सांगितलं कोण जाणे. ओरडतील म्हणून असेल. वीज वाचवायला एवढी लादी केली त्यांनी, आणि मी इकडे बटण दाबून बसलेली."

"मग?"

"मग ते दोरीकडे बघत राहिले." काकूंचा आवाज बारीक झाला. "दोरीवर काही नव्हतं गं. एक फडकंसुद्धा नव्हतं. मला वाटलं, आता बोलतील. पण म्हणाले, चहा टाकता का जरा."

"हे कधी झालं?"

"अगदी सुरुवातीला. नुकतेच यायला लागले होते."

डॉक्टर बोटाला लावतात ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र बाबा दुसऱ्या बोटाला लावून पुन्हा मोजायला लावायचे. तिसऱ्यालाही. नर्स कंटाळायची. कारखान्यात केसाएवढी चीर दिसली म्हणून त्यांनी अख्खा घाणा बाद केला होता, आणि आबा अजून ते अभिमानाने सांगतात. त्या माणसाने रिकाम्या दोरीकडे बघितलं आणि चहा मागितला. दुसऱ्यांदा विचारलं नाही. उन्हाळाभर रोज त्या खुर्चीत बसून तो थेंब ऐकला असणार.

मला त्यांची लाज वाटली. जिवंत माणसाची लाज वाटली तर भांडता येतं, अबोला धरता येतो. गेलेल्या माणसाची वाटली की मान खाली घालायची ती आपणच. आणि लगेच त्या लाजेचीही लाज वाटली. ते दिवस मला आठवत होते. श्वास पुरत नव्हता, भट्टीजवळ जायला डॉक्टरांनी बंदी केली होती, गाळा आनंदावर सोडावा लागला होता. दिवसातून एकदा लिफ्टने वर जायचं आणि एक चांगला आकडा घेऊन खाली यायचं, एवढंच काम उरलं होतं. कोणालाही समजेल असं ते कारण होतं. पण त्या आकड्याखाली शाळेतली मुलं बसणार होती.

"काकू, मला परत मोजायला हवं. तुम्ही मदत कराल?"

"काय करू सांग."

"काही करायचं नाही. नेमकं तेच करायचंय."

पुढच्या काही दुपारी मी लॅबमधून अर्धी रजा घेऊन वर गेले. काकू दार उघडत आणि समोर येऊन बसत. रंभा आतल्या खोलीतून डोकावून म्हणायची, "दोघी मिळून वाफवून घेताय होय?" काकूंना ते फार जड जात होतं. उकाड्याचं त्यांना काही नव्हतं, तो त्यांच्या सवयीचा. समोर बसलेल्या माणसाला घाम येतो आहे आणि आपण काही करत नाही, हे त्यांना बघवत नव्हतं. एकदा त्यांनी नकळत वर्तमानपत्राची घडी उचलली आणि मला वारा घालायला लागल्या.

"काकू, वारा नको."

त्यांनी घडी मांडीखाली घालून ठेवली आणि हात पदरात गुंडाळून बसल्या, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या. बादली कोरडी होती. कव्हर एसीवर होतं.

"किती?" त्यांनी शेवटच्या दिवशी विचारलं.

"दीड."

"रोज?"

"एखाद्या दिवशी त्याहून जरा कमी."

"म्हणजे लादीचं काहीच नाही?"

"दीड अंश आहे, काकू. तेवढं खरं आहे."

त्या म्हणाल्या, "मी येते त्या शाळेत. सांगते सगळ्यांना, ह्या म्हातारीची चूक आहे. तुझ्या बाबांचं नाव कशाला खराब करायचं?"

मी नाही म्हटलं. पण खोटं कशाला बोलू, ते ऐकून क्षणभर मला बरं वाटलं होतं. त्या आल्या असत्या, रडल्या असत्या, लोक हसले असते, आणि बाबा सुटले असते.

शहाडला मी अमृताला कळवून गेले. ती मला थेट वरच्या मजल्यावर घेऊन गेली. मुलं घरी गेली होती, बाक रिकामे, फळ्यावर गुणाकार. वर्गात शिरताच तिने चारही पंखे लावले.

"बस. घामाघूम झालीस. बोल, यंदाचा आकडा आणलास?"

"दीड अंश," मी म्हटलं.

"आणखी दीड?"

"नाही. नुसता दीड. मागच्या वर्षीही तेवढाच असणार."

मग मी एसीचं सांगितलं. काकूंचं नाव घेतलं नाही, शेजारी म्हटलं. अमृता एका बाकाच्या कडेवर टेकून ऐकत होती.

"म्हणजे गच्चीला चुना मारल्यासारखंच."

"जवळजवळ."

"आणि हे तू मला बॅनर छापल्यावर सांगतेस."

"हो."

"छान म्हणून रिप्लाय केलास मला. तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"वा, आसावरी." ती उठून खिडकीशी गेली. बाहेर मैदानात शिपाई घंटेखालची जागा झाडत होता. पाठमोरीच तिने विचारलं, "काकांना माहीत होतं?"

या प्रश्नासाठी मी गाडीत एक वाक्य तयार केलं होतं. 'मोजमापाच्या पद्धतीत त्रुटी राहून गेली.' लॅबमध्ये आम्ही अशी वाक्यं पुष्कळ लिहितो. त्यात कोणी माणूस नसतो. वाक्य अगदी ओठांवर होतं.

"त्यांना संशय आला होता," मी म्हटलं. "एकदा त्यांनी विचारलं. खोटं उत्तर मिळालं. ते खोटं आहे हे त्यांना दिसत होतं, आणि त्यांनी ते चालवून घेतलं."

पंखे फिरत होते. अमृता वळली. ती रागावली असेल असं वाटलं होतं, पण तिचा चेहरा नुसता थकलेला दिसत होता.

"आबांना काय सांगू मी? सकाळी उठून त्यांच्या तोंडात काकांचं नाव असतं. घाणा बाद केल्याची गोष्ट माझ्या पोरांनाही पाठ आहे."

"मी सांगितलं तेच सांग."

"मी नाही सांगणार. तू सांग."

"सांगते."

ती परत बाकावर बसली. बोटाने बाकावरचं कोरलेलं नाव चाचपत राहिली. मग मुख्याध्यापिकेच्या आवाजात बोलायला लागली.

"लाद्या भाजून झाल्यात ना? एका वर्गावर बसव. बाकीच्यांना चुना. दोन्हीकडे मुलं बसतील, दोन्हीकडे मोजू. कूलरचं मी कमिटीशी परत बोलते. शिव्या खाईन. बॅनर लागणार नाही, फोटोही नाही. चालेल?"

"चालेल."

"आणि मोजायला येशील तेव्हा मला कळवू नकोस. आमच्या शिपायाला मी ओळखते. तू येणार म्हटलं की सकाळपासून गच्चीवर पाणी मारत बसेल, मॅडमची मैत्रीण येणार म्हणून."

मला हसू आलं. तिलाही आलं असावं, पण तिने ते दिसू दिलं नाही. उठून तिने एकेक पंखा बंद केला.

"आबा घरी असतील आत्ता?" मी विचारलं.

"आत्ता जातेस? थांब, फोन करते त्यांना. उगाच बनियनवर बसलेले असतील, तू येतेस म्हटलं की शर्ट घालतील, चहाला..." तिने पर्समधून फोन काढला होता. त्याच्याकडे बघत ती थांबली आणि तो परत आत ठेवला.

"नको," ती म्हणाली. "जा अशीच."